पणजोबांनी झेंडा लावला, पण नेमका कधी?

(या वेळचं पत्र बरंच लांब होतं, थोडं कापलंय आणि नावं गाळलीयेत.)

"मावशी, नमस्कार. आम्ही पुण्यात पिंपळे सौदागरला राहतो. सासर मूळचं नांदेड जिल्ह्यातलं, हदगाव तालुका, पैनगंगेच्या काठाचं गाव. सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, ८२ वर्षांचे आहेत, जिल्हा परिषद शाळेत मास्तर होते. दर १५ ऑगस्टला झेंडावंदन करून आले की शिऱ्याची वाटी हातात घेऊन अण्णा एकच गोष्ट सांगतात. १५ ऑगस्ट १९४७ला, निजामाचं राज्य असताना, त्यांच्या वडिलांनी गावात मारुतीच्या पारावर तिरंगा लावला, शुक्रवार होता, खळ्यावर मुगाच्या शेंगा वाळत घातलेल्या, अण्णा चुलत्याच्या खांद्यावर बसून बघत होते आणि मग पोलिसांनी वडिलांना धरून नेलं. लग्नाला १६ वर्षं झाली, मला शब्दन् शब्द पाठ आहे.

यंदा मुलाच्या शाळेत भाषणस्पर्धा आहे, तो आठवीत आहे, विषय 'माझ्या घरातला स्वातंत्र्यसैनिक'. त्याने हीच गोष्ट घेतली. नणंदेने ती फेसबुकवर पण टाकली, 'स्वातंत्र्यसैनिकाची नात असल्याचा अभिमान' म्हणून, चारशेच्या वर लाइक आले. आणि मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो तेव्हा अण्णांच्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे, मी सहज विषय काढला. नव्वदीला आल्यात पण डोकं लख्ख आहे. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या (त्या वडिलांनाच दादा म्हणतात), 'कशाचा लावतोय गं, दादा तर रातच्याला नदी उतरून उमरखेडाकडं गेला. घरात मी, ह्यो धाकला अन् माय. झेंडा मायनं शिवला होता, धोतराचा अन् तिच्या चोळीचा, मधी निळीनं चरखा काढलेला. त्यो कणगीत घातला, तसाच ऱ्हायला, पुढल्या साली मिलट्री आली तवा दादानं काढून लावला. धरून नेलं ते दुसऱ्याला, वरच्या आळीतल्या.'

नवरा सोडून कुणालाच सांगितलं नाहीये. तो म्हणतो सोड, कोण चेक करणारे. पण मुलगा रोज आरशासमोर भाषण पाठ करतोय आणि माझ्या पोटात कालवतं. बोलले तर मी बाहेरून आलेली सून आणि सासऱ्यांच्या वडिलांना पळपुटं ठरवतेय असं होणार. त्यात मागच्या वर्षी सोसायटीच्या झेंडावंदनाला अण्णा दोन मिनिटांऐवजी वीस मिनिटं बोलले तर कुणीतरी माईकच बंद केला, ते अजून त्यांच्या मनात आहे. काय करू?"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना चहा गार झाला. म्हणजे तू विचारलंयस की सांगू की नको, पण मला आधी दुसरंच दिसायला लागलं, ते सांगते, उत्तर त्यातच येईल.

अण्णा खोटं बोलत नाहीयेत. ही गोष्ट आधी डोक्यात पक्की कर, नाहीतर पुढचं सगळं चुकेल.

बघ, मुगाच्या शेंगा. शेतकऱ्याच्या घरातली तू नसशील कदाचित, मी आहे. मृगाच्या पावसावर, जूनच्या मधे-शेवटी मूग पेरला तर तोडणी ऑगस्टच्या अखेरीला नाहीतर सप्टेंबरात येते. १५ ऑगस्टला शेंगा झाडावर हिरव्या असतात गं, खळ्यावर कुठनं येतील. म्हणजे अण्णांच्या स्वतःच्या गोष्टीतच सप्टेंबर बसलेला आहे, सोळा वर्षं तू ऐकतेयस आणि ते सांगतायत, आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही. राहिला शुक्रवार. १५ ऑगस्ट १९४७ शुक्रवार होता हे खरं. पण १७ सप्टेंबर १९४८, ज्या दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली, तोही शुक्रवारच होता. कॅलेंडर काढून बघ. त्यामुळे शुक्रवारवरून काही ठरत नाही, मुगावरून ठरतं. (आणि तुमच्या गावात झेंडा नक्की शुक्रवारीच लागला असंही नाही, खेडेगावात बातमी पोचायला एखाद-दोन दिवस गेले असतील. पण लोकांनी नंतर "त्या शुक्रवारी" म्हणून घोकलं असेल.)

आता वय. अण्णा ८२चे, म्हणजे १९४७च्या ऑगस्टात चार वर्षांचे आणि १९४८च्या सप्टेंबरात पाच. पाच वर्षांचं पोर चुलत्याच्या खांद्यावर बसून जे बघतं ते आयुष्यभर राहतं. ते त्यांनी पाहिलंय. पार, झेंडा, वडील, गर्दी, शेंगा, सगळं पाहिलंय. फक्त तारखेची पाटी नंतर कुणीतरी बदलली, आणि कुणी बदलली हे पण मला दिसतंय. अण्णा मास्तर होते ना? मग तीसेक वर्षं दर १५ ऑगस्टला शाळेच्या ग्राउंडवर पोरांसमोर हीच गोष्ट सांगितली असणार. १५ ऑगस्टला सांगायची म्हटल्यावर ती १५ ऑगस्टचीच होऊन बसते. पोरांना निजाम, संस्थान, पोलीस ॲक्शन सगळं समजावत बसायला वेळ कुठे असतो, पावसाची भुरभुर चालू, पोरं ओल्या चड्डीत कुडकुडतायत आणि सगळ्यांचा डोळा गोळ्यांच्या पुड्यावर.

मराठवाड्यातल्या कितीतरी घरात हे झालेलं आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला पटकन कळत नाही म्हणून सांगते, आणि तुझ्या मुलाला तर नक्कीच सांग, की १५ ऑगस्ट १९४७ला मराठवाडा भारतात नव्हताच. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद, तेव्हा जिल्हे पाचच, हे पाचही हैदराबाद संस्थानात. सरकारी झेंडा पिवळा, निजामाचा. स्टेट काँग्रेसने, म्हणजे संस्थानातल्या काँग्रेसने, सांगितलं होतं की त्या दिवशी तिरंगे लावा म्हणून, आणि लावणाऱ्यांना धरलं, तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, त्यांनाही त्याच वेळी अटक झाली. नंतर नोव्हेंबरात निजामाचा भारताशी जैसे थे करार झाला, म्हणजे तूर्त आहे तसं चालू द्यायचं, पण जैसे थे काही राहिलं नाही, लातूरचा वकील कासिम रझवी आणि त्याचे रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या, मोकाट सुटले. १३ सप्टेंबर १९४८ला भारताची फौज आत आली आणि पाच दिवसात विषय संपला. आमच्याकडचे म्हातारे अजून "पोलीस ॲक्शन" म्हणतात, किंवा नुसतं "रझाकारात". म्हणजे तेरा महिने आणि दोन दिवस उशीर. आणि नीट हिशोब केलास तर मराठवाड्यातला पहिला मोकळा १५ ऑगस्ट हा १९४९चा. अण्णा तेव्हा सहा वर्षांचे, बहुतेक नुकतेच शाळेत घातलेले, ते त्यांचं पहिलं झेंडावंदन असणार. तेही यात मिसळलं असेल कुणास ठाऊक.

तुझं गाव पैनगंगेच्या काठाला म्हणतेस. मग तर नजरेसमोर आण ना. पलीकडचा काठ वऱ्हाड, तिथे १५ ऑगस्टला तिरंगा. अलीकडचा काठ मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, तिथे लावला तर तुरुंग. मधे एक नदी.

आणि आता तो शब्द, पळपुटा. तो तू वापरलास, आक्काने नाही वापरला. आक्का म्हणाली "नदी उतरून उमरखेडाकडं गेला". ऑगस्टात पैनगंगा कशी असते हे गावच्या माणसाला विचार एकदा. तेव्हा पूल नाही, रात्रीची वेळ, पाणी चढलेलं, भोपळ्याची सांगड बांधून नाहीतर पोहून उतरायचं. ते काय पुणे-लोणावळा लोकल पकडल्यासारखं नव्हतं. शिवाय उमरखेड हे नाव ऐकल्यावर माझे तर कान टवकारले, कारण संस्थानच्या हद्दीबाहेर जिथे जिथे लढणाऱ्यांचे कॅम्प होते ना, आमच्या बार्शीला, सोलापूरकडे, तसा उमरखेडलाही होता. ३० जानेवारी १९४८ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली, लढ्याला पैसा पाहिजे म्हणून, ती मंडळी उमरखेड कॅम्पची. आता तुझे आजेसासरे त्या कॅम्पात होते असं मी म्हणत नाहीये, नाहीतर नणंदबाई उद्या तीही पोस्ट टाकतील. कदाचित ते जीव वाचवायलाच गेले असतील, नातेवाइकाच्या ओसरीवर वर्ष काढलं असेल, हजारो लोकांनी तेच केलं. मुद्दा काय की तुला ते माहीत नाही, आणि ज्याला माहीत असेल असं एकच माणूस जिवंत आहे, ते नव्वदीचं आहे आणि गावी बसून हसतंय.

खरं सांगू, या पत्रात मला सगळ्यात जास्त कोण दिसलं? माय. अण्णांच्या गोष्टीत ती आहे का कुठे? नाही. पार आहे, मारुती आहे, चुलता आहे, मूग सुद्धा आहे. आणि आक्काच्या चार वाक्यात बघ, झेंडा तिने शिवला, स्वतःची चोळी फाडून शिवला, नवरा रात्रीतून नदीपार गेल्यावर अकरा वर्षांची पोरगी आणि चार वर्षांचा पोरगा पदरात, आणि घरात तो झेंडा. धान्याच्या कणगीत. रझाकार गावात येणार तर पहिले बघणार काय, धान्य! ज्वारी काढता काढता तिचा हात रोज त्या फडक्याला लागत असेल. तेरा महिने. जाळून टाकला असता चुलीत तर कुणी नाव ठेवलं नसतं, मी तर जाळला असता बहुतेक. तिने नाही जाळला. आणि मग नवरा परत आला, झेंडा काढला, पारावर लावला, आणि लोकांच्या लक्षात राहिला लावणारा. बाईने शिवलेलं, सांभाळलेलं कणगीतच राहिलं. तर घरातला स्वातंत्र्यसैनिक कोण यावर तुझ्या मुलाने जरा विचार करावा की नाही?

चरखा पण सोडू नकोस. मधलं अशोकचक्र घटना समितीने २२ जुलै १९४७ला ठरवलं, १५ ऑगस्टच्या आधी जेमतेम साडेतीन आठवडे. निजामाच्या राज्यातल्या खेड्यात, जिथे पेपर लपवून वाचायचे, तिथल्या बाईला हे कुठनं कळणार, तिने काँग्रेसचा जुना चरख्याचाच झेंडा बघितलेला, तोच शिवला. म्हणजे आक्का म्हणते ते पटण्यासारखं आहे. झेंडा १९४७चा आहे. लागला १९४८ला. दोघं भावंडं आपापल्या जागी बरोबर आहेत गं!

एकच गोष्ट उरते, अटक. ती मात्र तुमच्या घरातली नाही. आणि नवरा म्हणतो ना कोण चेक करणारे, तिथे मी त्याच्याशी भांडेन. वरच्या आळीतला जो माणूस खरंच आत गेला, त्याचे नातू-पणतू असतील की गावात. फेसबुकवर असतील. त्यांच्या आजोबाचा तुरुंग तुम्ही तुमच्या आजोबाच्या नावावर लावून चारशे लाइक घेतले, कळत नकळत. तारीख चुकली तर चुकली, माणसं समजून घेतात, पण दुसऱ्याच्या घरचं असं उचलायचं नसतं. म्हणून गप्प बसणं हा पर्याय मला तरी मान्य नाही.

आता कसं सांगायचं. इथे मी तुला माझी चूक सांगते, म्हणजे तू ती करणार नाहीस.

मी बार्शीची. लहानपणीचं झेंडावंदन म्हणजे आदल्या रात्री तांब्यात निखारे घालून युनिफॉर्मला इस्त्री, कॅनव्हासच्या बुटांना खडू घासायचा, सकाळी सहाला प्रभातफेरी, हमखास पाऊस, खडू सगळा वाहून बूट परत होते तसे. एका वर्षी दोरीची गाठच सुटेना, हेडमास्तर ओढतायत, पाहुणे ओढतायत, आम्ही सावधानमध्ये उभे, शेवटी शिपाईमामा खांबावर चढले आणि गाठ सोडली, फुलं सगळी त्यांच्याच डोक्यावर पडली. मग बुंदीचा पुडा, आणि घरी आलं की बाबा पेढे आणायचे. बाबांची पण एक गोष्ट होती. १५ ऑगस्ट १९४७ला बार्शीत एका अनोळखी घराच्या दारात त्यांना कुणीतरी पेढा दिला आणि म्हणालं, पोरा खा, आपलं राज्य आलं. दर वर्षी तोच पेढा. मी बीए केलं इतिहासात, डोक्यात हवा, आणि एका १५ ऑगस्टला सगळे काका-आत्या-जावई जमलेले असताना मी म्हणाले, बाबा पण तुमच्या दाखल्यावर तर बार्शीच्या शाळेत नाव १९४८ला घातलंय, त्याआधी तुम्ही येडशीत होता, येडशी तर मोगलाईत, मग तुम्ही बार्शीत कसे? जावई हसले. बाबांनी पेढा अर्धा तसाच खाली ठेवला. म्हणाले, "असंल बाई." एवढंच. त्यानंतर चोवीस वर्षं जगले, कधीही ती गोष्ट निघाली नाही. आता मला वाटतं की येडशीहून बार्शी लाइट रेल्वेने त्या दिवशी आलेही असतील, पोरं काय गाडीत बसून कुठेही जायची, किंवा पुढच्या वर्षीचा पेढा असेल, काय असेल ते असेल. कुणाचं घर, कोण म्हणालं, पेढा देणारा बाप्या की बाई, मला काही माहीत नाही. विचारायच्या ऐवजी मी त्यांना पकडलं.

तर तू पकडू नकोस. तू तर काहीच बोलू नकोस, तुझी भीती बरोबर आहे, सुनेच्या तोंडून आलं की त्याचा रंगच बदलतो. मुलाला बोलू दे. त्याला आक्काचं सगळं सांग, मुगाचं सांग, कॅलेंडर त्यालाच काढायला लाव, आठवीतल्या पोराला असलं डिटेक्टिव्ह काम दिलं की आरशासमोरचं पाठांतर आपोआप सुटतं. मग त्याला अण्णांकडे पाठव, पण "आजोबा हे चूक आहे" म्हणून नाही, बारके बारके प्रश्न घेऊन. खांद्यावर घेतलं तो चुलता कोणता? झेंड्याच्या मधे काय होतं, चक्र की चरखा? काठी कशाची? पणजी तेव्हा कुठे उभी होती? पाऊस होता का? मूग किती झाला होता त्या साली? मास्तर माणूस आहे, पोराने प्रश्न विचारले की खुलणार. आणि चौथ्या-पाचव्या प्रश्नाला आक्काला फोन लाव, स्पीकरवर, दोघं भावंडं बोलू देत. मुद्दाम काही काढू नका. आक्का आपणहून "कणगी" म्हणेल. फोनमध्ये रेकॉर्डिंग चालू ठेव, लपवून नको, सांगून ठेव.

अण्णा चिडतील का? चिडले तर चिडू देत, थोरल्या बहिणीवर चिडतायत, तुझ्यावर नाही, आणि ती त्यांना गप्प करायला समर्थ दिसतेय. कदाचित म्हणतील की आक्काला काही आठवत नाही. म्हणू देत. ८२ वर्षांच्या माणसाकडून कबुलीजबाब काय करायचाय तुला, ते त्यांची गोष्ट त्यांच्या वाटीतल्या शिऱ्यासोबत त्यांना हवी तशी सांगू देत की घरात. भाषण मात्र मुलाचं आहे, ते खरं पाहिजे. तिथे "माझे आजोबा सांगतात" आणि "आजोबांची आक्का सांगते" अशी दोन वाक्यं आली की कुणी खोटं पडत नाही. सुरुवातीला ते "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" झालं की सरळ म्हणायचं, आमच्या घरातला झेंडा तेरा महिने ज्वारीच्या कणगीत होता. बघ हॉल कसा शांत होतो. आणि अटक ज्यांना झाली त्यांचं नाव आक्काला विचारून घे आणि भाषणात घे, नाव घेऊन. ते तुमच्या घरातले नाहीत, तरी.

नणंदेचं लिहीत नाही फार. भाषण झालं की व्हिडिओ तिला पाठव, ती स्वतःच जुनी पोस्ट एडिट करेल, नवीन जास्त चांगली आहे म्हणून. माणसं अशीच सुधारतात, चूक दाखवून फार कमी.

एक जरा अवघड गोष्ट आहे, ती पण सांगते, कारण आक्का बोलायला लागली की ती निघेलच. सप्टेंबर १९४८नंतर काही आठवडे मराठवाड्यात फार वाईट गेले, रझाकारांचा राग ज्यांचा काही संबंध नव्हता अशा मुसलमान शेजाऱ्यांवर निघाला, भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सगळ्यात जास्त झळ लागलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले त्यात तुमचा नांदेड होता. आक्का अकरा-बारा वर्षांची होती, तिने काहीतरी पाहिलेलं असणार. तिने सांगितलं तर मधे तोडू नका, "जाऊ दे आक्का, आनंदाचं सांग" असं म्हणू नका. भाषणात ते घ्यायलाच पाहिजे असं नाही, तेरा वर्षांच्या पोराला किती झेपेल ते तू ठरव. पण त्याच्या भाषणात रझाकार आले की सगळे मुसलमान तसेच असा सूर लागायला नको, एवढं बघ. हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचा तरुण संपादक रझाकारांच्या विरोधात लिहायचा, ऑगस्ट १९४८मध्ये त्याला रस्त्यात गाठून मारलं. ते नाव पोराला माहीत असू दे.

सोसायटीच्या माईकचं सोपं आहे. कमिटीला आधीच सांग की यंदा अण्णा बोलणार नाहीत, नातू बोलणार आहे, पाच मिनिटं, आणि अण्णा शेजारी खुर्चीत बसतील. माईक बंद करणाऱ्याची काय हिंमत आहे पोराचा करायची. अण्णांना नंतर लोक येऊन विचारतील, तिथे त्यांना हवी तेवढी मिनिटं मिळतील, जिलेबी खात खात.

आणि शक्य झालं तर १७ सप्टेंबरला दोन दिवस काढून गावी जा, अण्णांना घेऊन. पुण्यात त्या दिवशी कुणाला काही नसतं, ऑफिसात रजा मागितली तर मॅनेजर विचारेल कसला मुक्तिसंग्राम. मराठवाड्यात मात्र सरकारी झेंडावंदन असतं. गोव्याच्या माणसाला १९ डिसेंबर असतो तसा तो आपला दिवस आहे. मुलाची शाळा दोन दिवस बुडाली तर बुडू दे. आक्काला पारावर घेऊन जा, चालवत नसेल तर गाडीतून, आणि तिथे उभं करून विचार की काठी कुठे रोवली होती. मूग पण असेल बघ खळ्यावर, हल्ली सगळं सोयाबीनच झालंय म्हणा, पण कुणीतरी घरापुरता लावलेला असतो.

जाताना आक्कासाठी काहीतरी मऊ ने, पेढे चालतील. आणि त्या झेंड्याचं पुढे काय झालं ते विचार, तू पत्रात लिहिलंच नाहीस. पारावरून उतरवल्यावर तो गेला कुठे? मायने परत कणगीत ठेवला असेल तर ती कणगी मोडली कधी, कुणी मोडली? मला कळव, दोन ओळी टाकल्यास तरी चालेल.

तुझी,
मावशी